पंधरा म्हणजे देखणी पोर

ग्रिसेल्दा हेर्गेनरेदर मला पहिल्यांदा भेटली तेव्हा मी जमिनीपासून अडीच मीटर उंच होतो. भेट संपली तेव्हा जमिनीवर होतो. मधला प्रवास कसा झाला ते मला नीट आठवत नाही, पण आमच्या रस्त्यावरचे लोक अजून सांगतात की त्या आवाजाने नदीपलीकडच्या सांता फे शहरातली कुत्री भुंकायला लागली होती.

मी माझ्या औषधाच्या दुकानात शिडीवर चढून खोकल्याच्या बाटल्या वरच्या फळीवर लावत होतो. शेजारचा गाळा आठ महिने रिकामा होता. तिथे कोणीतरी नवीन येतंय, एवढंच कानावर आलं होतं. तेवढ्यात दारातून "शेजारी!" अशी हाक आली. हाक कसली, बंदरातून सुटणाऱ्या बोटीचा भोंगाच तो! शिडी एका बाजूला गेली, बाटल्या दुसऱ्या बाजूला आणि मी बरोबर मधोमध. दुसरी कुठलीही बाई असती तर किंचाळली असती, पाणी आणलं असतं, निदान 'लागलं का' एवढं तरी विचारलं असतं. ही कमरेवर हात ठेवून माझ्यावर वाकली. डोळे नुसते चमकत होते.

"छप्पन्न!" ती म्हणाली. "पडणं म्हणजे छप्पन्न! हलू नका हो, किती बाटल्या फुटल्या ते मोजू दे. नऊ... दहा... तुमचं वय काय?"

"एकेचाळीस," मी कण्हत म्हणालो.

"एकेचाळीस म्हणजे सुरी. झकास. आई कितव्या वर्षी गेली?"

"तुम्हाला कसं कळलं आई गेली?"

"जिवंत असती तर आतापर्यंत धावत आली असती. किती वर्षांची होती?"

आणि माझ्या आईचं वय घेऊन ती पळत सुटली. पाच मिनिटांनी परत आली ती माझ्या नावाने लावलेल्या आकड्यांची चिठ्ठी घेऊन. त्या दुपारी छप्पन्न काही लागला नाही. मनगट मात्र तीन आठवडे प्लास्टरमध्ये होतं, आणि रोज सकाळी येऊन ती त्या प्लास्टरवर आदल्या दिवशीचे निकाल लिहून जायची. म्हणे, लिहायला हाताशी तेवढी एकच मोकळी जागा होती.

तर शेजारी आलं होतं आकड्यांच्या सोडतीचं दुकान. परवानाधारक, प्रांत सरकारची पाटी लावलेलं. आमच्या पाराना गावात माणूस सकाळी उठला की आधी स्वप्न आठवतो आणि मग दात घासतो, कारण शून्य शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला काहीतरी अर्थ असतो. स्वप्नात मांजर आलं तर पाच लावायचा, कुत्रं आलं तर सहा. वेडा दिसला तर बावीस. मेलेला माणूस दिसला तर सत्तेचाळीस, आणि तो बोलायला लागला तर अठ्ठेचाळीस. बाकीच्या लोकांना यातले दहा-वीस आकडे पाठ असतात. ग्रिसेल्दाला शंभरच्या शंभर पाठ होते, आणि ती त्यांच्यातच राहायची. तिच्याशी बोलताना सांभाळून बोलावं लागे. बायको माहेरी गेली म्हणालात तर ती तुमचं दुःख ऐकून घेई, डोळेही पुसत असे, पण दुसऱ्या हाताने एकवीसची चिठ्ठी फाडून तयार ठेवी. एकवीस म्हणजे बाई.

अंगाने ती भरदार. केस गव्हाच्या रंगाचे, आणि हसली की तिच्या काउंटरवरची काच थरथरायची. तिचा नवरा नोर्बेर्तो नदीखालच्या बोगद्यातून सांता फेला जाणारी बस चालवतो. दिवसातून बारा वेळा नदीच्या खालून जातो. त्यामुळे वर आल्यावरही पाण्याखाली असल्यासारखाच बोलतो, म्हणजे बोलत नाही. आयुष्यात त्याने एकदाही आकडा लावलेला नाही. बायको दिवसभर सगळ्या गावाला आकडे विकते आणि नवरा घरी येऊन माते, म्हणजे आमच्याकडचा पाल्याचा कडू काढा, ढवळत बसतो, असं हे जोडपं. एकमेकांवर मात्र इतकं प्रेम की बघणाऱ्याला लाज वाटावी.

मूल नव्हतं.

ग्रिसेल्दा रोज सकाळी दुकान उघडलं की सर्वांत आधी स्वतःसाठी दोन लावायची. दोन म्हणजे बाळ. एकदा मी थट्टेने म्हणालो, "अगं, दोन लावून बाळ होत असतं तर आमच्या पाद्रीबाबांना दहा झाली असती. ते दर रविवारी दोनच लावतात."

"त्यांना बक्षीस हवं असतं, डॉन लाउरो," ती म्हणाली. (डॉन म्हणजे आमच्याकडचं 'राव'.) "मला बाळ हवंय. माझा दोन वेगळा आहे."

ती अडतीस वर्षांची झाली त्या वर्षी आमच्याकडे नवीन कायदा लागू झाला होता. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तो पोटात सोडायचा उपचार तीन वेळा फुकट करून मिळणार होता. तीन वेळा, जास्त नाही. तिने सांता फेच्या एका दवाखान्यात नाव घातलं. तिथल्या डॉक्टर अर्रिएता बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. दोघी समोरासमोर बसल्या की कोण डॉक्टर आणि कोण रोगी हे आवाजावरून उलटंच वाटायचं.

पहिली पायरी इंजेक्शनांची. एरवी बाईच्या अंगात महिन्याला एक अंडं पिकतं. इथे औषधाने एकदम पुष्कळ पिकवायची आणि सुईने बाहेर काढून घ्यायची. इंजेक्शन रोज संध्याकाळी पोटात, नऊ-दहा दिवस. ग्रिसेल्दा सुईला घाबरणारी, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. संध्याकाळची सोडत लागली की ती माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत यायची, डोळे घट्ट मिटायची आणि मोठ्याने निकाल म्हणत बसायची. "पहिला सदतीस, दुसरा ऐंशी, तिसरा... आई गं! झालं?"

"अजून टोचलीच नाही."

"मग मी ओरडले कशाला?"

"ते तूच सांग."

पहिल्या खेपेला नऊ अंडी निघाली. शेजारून भोंगा वाजला, "डॉन लाउरो, नऊ! नऊ म्हणजे ओढा! वाहतं पाणी आहे, शुभ आहे!" नवातली सहा पुरती पिकलेली होती. सहापैकी चार फळली. पाच दिवसांनी त्यांतला धड एकच गर्भ उरला. तो पोटात सोडला. दोन आठवडे तिने शिंकसुद्धा दाबून धरली. मग रक्त तपासलं, आणि काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद राहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. लोक माझ्या दाराशी येऊन विचारायचे, "आज सोडत नाही का?" आणि मी सांगायचो, "आज नाही."

पुढच्या भेटीला नोर्बेर्तोची पाळी बदलली गेली नाही, म्हणून तिच्याबरोबर मी गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक चाळण काढली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. वर नऊ लिहिलं, खाली एक.

"मग वर जास्त टाका ना!" ग्रिसेल्दा म्हणाली.

"या वेळी औषध वाढवू," बाई म्हणाल्या. "अंडी जास्त असली की त्यातलं एखादं चांगलं निघण्याची शक्यता वाढते. पण हे साधारण पंधरापर्यंतच. त्यापुढे आकडा वाढतो, बाळाची शक्यता फारशी वाढत नाही, आणि तुमच्या जिवाला त्रास सुरू होतो. आणखी एक. इंजेक्शन अंडी जास्त देतं, तरुण देत नाही. तुमच्या वयाला निम्म्याहून जास्त अंडी आतूनच बिघडलेली असतात. त्यावर माझ्याकडे औषध नाही."

मी हे सगळं ऐकलं, अगदी प्रत्येक शब्द. हे इथेच सांगून ठेवतो.

ग्रिसेल्दाने त्यातला एकच शब्द ऐकला. परतीच्या बसमध्ये ती नोर्बेर्तोच्या मागच्या सीटवर बसली आणि बोगद्यात शिरता शिरता तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"ऐकलंस का रे? पंधरा! डॉक्टर स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या. पंधरा म्हणजे देखणी पोर!"

"गाडी चालवतोय," नोर्बेर्तो म्हणाला. पण आरशात तो हसताना मला दिसला.

दुसरी खेप सुरू झाली. औषध पेनासारख्या नळीत यायचं. तिच्या टोकाला फिरवायची चकती होती आणि बाजूला छोटी खिडकी. चकती फिरवली की खिडकीत किती युनिट ते दिसायचं. ग्रिसेल्दाला ती खिडकी फार आवडायची. "बघा, डॉक्टरांकडेही आपलीच यंत्रं!" रोज सव्वादोनशे युनिट. सहाव्या दिवशी सोनोग्राफी झाली. त्या दिवशी नोर्बेर्तो बरोबर होता. संध्याकाळी ती आली तेव्हा गप्प होती. ती गप्प आली यावरूनच मला समजायला हवं होतं.

"आजपासून तीनशे," ती म्हणाली.

"तीनशे? कागद दे."

"तोंडी सांगितलं. फोनवर."

"फोनवर सांगितलं की तोंडी?"

"फोनवर तोंडानेच बोलतात, डॉन लाउरो. बाहेर चार माणसं खोळंबली आहेत तुमची, टोचा ना."

बाहेर खरंच चार माणसं होती. एक आजी काउंटरवर काठी आपटत होती. मी चकती तीनशेपर्यंत फिरवली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. चौतीस वर्षांच्या धंद्यात मी कागदाशिवाय डोकेदुखीची गोळीसुद्धा दोनदा विचारून दिलेली आहे. फक्त ही तीन इंजेक्शनं मी न विचारता दिली, कारण ती मागणारी ग्रिसेल्दा होती आणि तिला नाही म्हणायला मला आवडत नसे.

नवव्या दिवशी सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. रक्तातलं संप्रेरक भलतंच चढलं होतं. इंजेक्शनं बंद झाली. अंडी पिकवण्याचं शेवटचं औषध सौम्य जातीचं दिलं आणि सांगितलं की या वेळी गर्भ लगेच पोटात सोडायचे नाहीत, गोठवून ठेवायचे. सव्वीस अंडी निघाली. भुलीतून जागी होताच तिने परिचारिकेला विचारलं, "किती?" आणि आकडा ऐकून म्हणाली, "सव्वीस म्हणजे चर्चची प्रार्थना. अरे वा!" त्यातली पिकलेली निघाली बरोबर पंधरा. हे कळलं तेव्हा ती पलंगावर बसून ढसाढसा रडली, आनंदाने. नोर्बेर्तोने मला फोन केला. त्याच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत लांब फोन. "पंधरा," तो म्हणाला. "रडतेय. बरी आहे."

पंधरांतली नऊ फळली. पाचव्या दिवशी उरले दोन गर्भ. दोन्ही गोठवले.

पण तोवर तिचं पोट फुगायला लागलं होतं. आधी ती गंमत करत होती, "बघा, बाळाआधीच सहावा महिना." मग तिला पायऱ्या चढवेनात. मग दम लागायला लागला. पोटात पाणी झालं होतं, छातीत उतरायला लागलं होतं. सांता फेच्या इस्पितळात दहा दिवस काढले. पोटात नळी घालून पाणी काढत होते. मी तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा ती इतकी हळू बोलत होती की मला वाकून ऐकावं लागलं. तिचा आवाज ऐकायला वाकायची वेळ माझ्यावर कधी येईल असं मला वाटलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात नोर्बेर्तो भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला धीर द्यायला म्हणालो, "बाईंनी तीनशेवर न्यायला नको होतं."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"न्यायला? बाईंनी कमी केलं होतं. दीडशे. माझ्यासमोर सांगितलं."

समोरून कपड्यांची गाडी ढकलत एक बाई गेली. परत आली.

"सोनोग्राफीत किती दिसली होती?" मी विचारलं.

"सतरा."

मग सांगायला काही उरलं नाही. सतरा म्हणजे अरिष्ट. आमच्या गावात सतरा नंबरच्या घराला लोक सोळा-अ अशी पाटी लावतात. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर सतरा अंडी मोजली आणि म्हणाल्या, "उत्तम, आता औषध कमी करू." आणि शेजारी पडलेल्या बाईला एवढंच दिसलं की आपलं बाळ सतरावर अडकलंय.

नंतर, बरी झाल्यावर, तिने मला तोंडावर सांगितलं. "सतरावर सोडणार होते का मी? सांगा! अठरा म्हणजे रक्त, ते नको. एकोणीस म्हणजे मासा. वीस म्हणजे जत्रा. मला विसापर्यंत जायचं होतं, एवढंच. थोडं जास्त झालं."

"तू माझ्याशी खोटं बोललीस, ग्रिसे."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही खरं मानलंत म्हणून फार वाईट वाटतं." आणि मग, ग्रिसेल्दाच ती, नाक पुसत म्हणाली, "पण नोर्बेर्तोने मानलं नसतं. म्हणून तर तुमच्याकडे आले."

तीन महिन्यांनी पहिला गोठवलेला गर्भ सोडला. तो रुजला नाही. आणखी दोन महिन्यांनी दुसरा.

दुसरा रुजला.

ती बातमी तिने ओरडून सांगितली नाही. पहिल्यांदाच. संध्याकाळी दुकान बंद करताना ती माझ्या दारात आली आणि दोन बोटं दाखवली. रोज सकाळी आकडा लावणं तिने बंद केलं. का विचारलं तर म्हणाली, "आता घरात आहे. उगाच बाहेरून बोलवायचं कशाला?" नोर्बेर्तोने घराच्या मागच्या खोलीला रंग दिला. कुठला रंग दिला ते कोणाला सांगितलं नाही, पण त्याच्या बुटांवर पिवळे थेंब होते आणि सगळ्या बसला ते दिसत होते. आठव्या आठवड्यात ठोका ऐकू आला. नवव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर ठोका शोधला, यंत्र फिरवलं, पुन्हा शोधला, आणि मग हळूच यंत्र बाजूला ठेवलं.

मी एकटा जाऊन बाईंना भेटलो. विचारलं, "माझ्या त्या तीन इंजेक्शनांमुळे झालं का?"

"तिला इस्पितळात जावं लागलं त्याला ती कारण झाली," त्या म्हणाल्या. "बाळाचं मला सांगता येणार नाही. सव्वीसमधून दोन गर्भ आले. दीडशेवर ठेवलं असतं तर कदाचित चौदा अंडी आली असती आणि त्यातूनही दोनच आले असते. कदाचित एक. कदाचित तीन. बिघाड बहुतेक वेळा अंड्यातच असतो, आणि तो तिच्या वयाचा असतो. तुम्हाला हो किंवा नाही हवंय. ते माझ्याकडे नाही."

ते 'कदाचित' घेऊनच मी घरी आलो. अजून माझ्याकडे आहे.

तिसरा प्रयत्न शिल्लक होता; गोठवलेले दोन्ही गर्भ दुसऱ्यातच धरले होते. वर्ष सरत आलं तशी ग्रिसेल्दा पुन्हा बोलायला लागली, पुन्हा काच थरथरायला लागली. "या वेळी बाई सांगतील तेवढंच," ती मला म्हणाली. "सतरा झाले तर सतरा. मी आकड्यांच्या तक्त्याकडे पाठ फिरवून झोपेन." तिने खरंच भिंतीवरचा आकड्यांचा तक्ता काढून कपाटात ठेवला. गिऱ्हाइकांनी ओरडा केला म्हणून परत लावला, पण काढला होता हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

दर खेपेला दोघांची सही लागते. नव्याने. नियमच तसा आहे. कागद तिने स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. नोर्बेर्तो त्या टेबलावर माते प्यायला आणि उठून कामाला गेला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"तुम्ही बोला त्याच्याशी. तुमचं ऐकेल."

"माझं का ऐकेल? मीच तर..."

"म्हणूनच ऐकेल. तुमच्यावर रागावलाय तो. ज्याच्यावर राग आहे त्याचं माणूस नीट ऐकतं."

मी त्याच्या शेवटच्या फेरीच्या बसमध्ये बसलो. सगळे उतरल्यावर आगारात त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि जे काही सुचलं ते बोललो. या वेळी डोस कमी ठेवतील, इंजेक्शनचं पेन मी माझ्याकडे कुलपात ठेवीन, रोज दवाखान्यात फोन करून विचारीन. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आणि एवढं सलग बोलताना मी त्याला पुन्हा कधी ऐकलं नाही:

"मी आयुष्यात काही मोजलं नाही, डॉन लाउरो. ती मोजते, मी गाडी चालवतो. त्या दहा दिवसांत मात्र मी बसून तिचे श्वास मोजले. एका मिनिटात किती, नर्स येईपर्यंत किती. एकदा मध्येच थांबला. मग परत आला. मला बाळ हवं होतं. अजून हवंय. पण ते श्वास पुन्हा मोजायला मी सही करणार नाही."

"तिला काय सांगू?"

"काही सांगू नका. तिला माहीत आहे."

तिला माहीत होतं. एक महिना ती त्याच्याशी भांडली. तिचं भांडण म्हणजे सगळ्या रस्त्याला पाठ झालेलं. दुसऱ्या महिन्यात तिने अबोला धरला, आणि तो अबोला भांडणापेक्षा जास्त ऐकू यायचा. मग हळूहळू ती पुन्हा 'मीठ दे', 'दार लाव' असं बोलायला लागली. कागद टेबलावरून फ्रिजवर गेला, फ्रिजवरून खणात. खणातून कुठे गेला ते मी विचारलं नाही.

नोर्बेर्तोने सही केली नाही. दोन वर्षांनी दवाखान्याने फाइल बंद केल्याचं पत्र पाठवलं. पोस्टमनने ते चुकून माझ्या दुकानात टाकलं. मी ते शेजारी नेऊन दिलं.